पाठीएवढी जागा

गवंड्याचं खरं नाव आठवायला त्याच्या बायकोलाही कधीकधी क्षणभर थांबावं लागे, कारण सगळे त्याला सुकेमामाच म्हणत. एक तर अंगानं वाळकी काडी. दुसरं म्हणजे तीस वर्षं तो लोकांच्या ओल्या भिंती सुकवत आला होता. नवं घर बांधायला त्याला कुणी बोलावत नसे. भिंत रडायला लागली, रंगाचे पोपडे सुटले, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास मारू लागला की मग सुकेमामाची आठवण व्हायची. "माणसं दुखणं अंगावर काढतात आणि ओल भिंतीवर," असं तो म्हणे.

त्या वर्षी थंडी लांबली होती आणि तिच्या जोडीला बारीक भुरभुर चालूच होती. अशाच एका सकाळी त्याला बाइंडरबाईंचा निरोप आला. पाच बैठ्या घरांच्या रांगेत चौथं घर त्यांचं. बाई घरीच पुस्तकं बांधायच्या. वाचनालयांची फाटकी पुस्तकं, कचेऱ्यांची दप्तरं, कुणाकुणाच्या जुन्या वह्या. सोबत वडील. ते चाळीस वर्षं एका मोठ्या धुलाईखान्यात बॉयलरवर होते, आणि त्यांना सगळे अप्पा म्हणत.

"हा बघा कागद," बाईंनी दारातच एक ताव त्याच्या हातात दिला. तो फडक्यासारखा लोंबला. "सगळे सादळलेत, मामा. खळ वाळत नाही, पुठ्ठा वाकतो. काल एक पुस्तक दाबातून काढलं तर त्याला मिशा फुटलेल्या."

"मिशा?"

"बुरशी हो!"

सुकेमामा भिंतीला तळहात कधी लावत नसे. घट्टे पडलेल्या तळहाताला काय कळणार? हात उलटा करून बोटांच्या मागच्या बाजूनं तो चाचपत जाई, आई तापलेल्या पोराचं कपाळ बघते तशी. पुढची खोली गार होती, पण निदान बोलत होती. म्हणजे कुठून काय येतंय ते कळत होतं. त्यानं सुतळीचा तुकडा पेटवून फुंकला आणि धुराची रेघ धरून दारंखिडक्यांपाशी फिरला. दाराखाली बोट जाईल एवढी फट. खिडकीची चौकट भिंतीपासून सुटलेली. धूर तिथं पोचताच आडवा होऊन आत पळत होता.

"ताई, तुम्ही शेगडी पेटवता ती रस्त्यासाठी," तो म्हणाला. "घरात नुसती राख राहते."

मागच्या खोलीत अप्पा शाल गुंडाळून खुर्चीत बसले होते. खुर्ची अशी तिरकी ठेवलेली की पाठ थेट भिंतीला टेकावी. पाचही घरांची मागची भिंत एकच, सलग, आणि तिच्या पलीकडे मोकळं माळरान. सुकेमामा कोपऱ्यापासून चाचपत निघाला. भिंत गार होती, ओली होती. लोणा लागून फुटलेल्या खाराची पांढरी भुकटी बोटांना लागत होती. अप्पांच्या खांद्याजवळ येताच त्याचा हात थांबला.

भिंत कोरडी होती. आणि कोमट.

"सापडलं?" अप्पांनी वर न बघताच विचारलं.

"इथनं गरम पाण्याचा नळ जातो का?"

"चाळीस वर्षं नळांबरोबर काढली मी. नळाची ऊब रेघेनं जाते आणि हाताला टोचते. शेगडीची ऊब वर चढते. ही टोचत नाही, चढत नाही. आहे तिथं आहे." अप्पा जरा पुढे झुकले, म्हणजे त्याला नीट बघता यावं. "ही अंगाची ऊब आहे, सुकेमामा. पाठीची."

सुकेमामा हसला. "भिंतीला कान असतात हे ऐकून होतो. पाठ असते हे आज कळलं."

अप्पा हसले नाहीत. "चार दिवसांपूर्वी ती त्या कपाटामागं होती. रोज वीतभर सरकते."

ओल वाढते की हटते हे बघायला सुकेमामा नेहमीच तिच्या कडेनं पेन्सिल फिरवून ठेवी. तसंच त्यानं आताही केलं. रेघ पुरी झाल्यावर तो दोन पावलं मागं सरला, आणि त्याला ते फारसं आवडलं नाही. वर रुंद, कमरेशी निमुळती, जमिनीपासून हातभर वर सुरू होणारी. बसलेल्या माणसाच्या पाठीएवढीच जागा.

दुसऱ्या दिवशी ती रेघ सोडून वीतभर डावीकडे गेली होती. मागं सुटलेला भाग गार पडला होता, पण होता अगदी खडखडीत कोरडा. ओल तिथं परत आलीच नव्हती. सुकेमामा घराला वळसा घालून भिंतीच्या मागच्या बाजूला गेला. तिथं शेवाळ होतं आणि फुटक्या पन्हळीतून टपटपणारं पाणी होतं. भिंतीला लागून घोट्याएवढा चिखल, आणि त्यात पावलं फक्त त्याची स्वतःची. नेमक्या त्या जागी त्यानं बाहेरून हात लावला. बर्फ!

पलीकडच्या, म्हणजे तिसऱ्या घरात चित्रकलेचे मास्तर राहत. त्यांच्या बायकोला फार समजावून सांगावं लागलं नाही.

"ती उबेची जागा ना? आमच्याकडे तीन आठवडे होती. आम्हाला वाटलं, बाइंडरबाईंची शेगडी." तिनं मागची भिंत दाखवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बसलेल्या माणसाच्या उंचीवर, कोरडा पट्टा गेलेला. बाकी भिंतीला पाणी सुटलेलं.

"माझी आई तिथं बसायची," मास्तर म्हणाले. "तब्येत ठणठणीत आहे हो तिची. फक्त..."

"फक्त काही विचारलं," बायकोनं आवाज खाली आणला, "की आधी मान वळवून भिंतीकडे बघते. कुणाचं तरी मत घ्यावं तसं. मगच उत्तर देते."

सुकेमामानं कानाला खडा लावला की आता कुणाला काही विचारायचं नाही, आपलं काम करायचं. त्यानं पुढच्या खोलीच्या फटी बुजवल्या, चौकटी पक्क्या केल्या, दाराला खालून पट्टी मारली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी बाइंडरबाई त्याच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. हातात खळीचा ब्रश तसाच.

"मामा, अप्पा जेवायला उठत नाहीत. मी ताट तिथंच नेऊन देते. रोज खुर्ची वीतभर सरकवून घेतात. काल म्हटलं, अप्पा, उन्हं आलीत, जरा पुढं येऊन बसा. तर म्हणाले, हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय." ब्रशची खळ त्यांच्या पायावर टपकत होती. "कुणाचा डोळा, मामा? अप्पा तर टक्क जागे होते. तो गिलावा काढून टाका. आजच्या आज."

गिलावा तर काढायचाच होता. लोणा लागलेला गिलावा ठेवून उपयोग नसतो. पण प्रत्यक्ष त्या जागेवर छिन्नी धरायला सुकेमामाचा हात होईना. म्हणून त्यानं तिच्या पुढचा भाग घेतला. त्या जागेच्या कडेपासून शेवटच्या घराच्या सामाईक भिंतीपर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत सगळं फोडून विटा उघड्या केल्या. अप्पा धुळीत तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी जागा सरकली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. गिलाव्याच्या तुटक्या कडेशी येऊन ती थांबली होती, आणि तिच्या पुढं नुसत्या लाल विटा होत्या.

"अडलंय," अप्पा म्हणाले. एवढंच. मग शालीत तोंड घालून खोकत राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी अप्पा न्हाणीघरात गेले असताना सुकेमामानं इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांच्या खुर्चीत बसला. पाठ टेकली. आधी नुसतं कोमट लागलं, पहिल्या दिवसापेक्षा जरा कमीच. मग त्याच्या लक्षात आलं की आपण भिंतीला टेकलेलो नाही. भिंत सपाट असते. इथं मणक्याची पन्हळ होती, दोन बाजूंना खवाटे होते. प्रवासात कधी अनोळखी माणसाची पाठ आपल्या पाठीला लागते आणि थंडीमुळं दोघंही अंग चोरत नाहीत, तसं ते टेकणं होतं. ती पाठ श्वास घेत होती. आणि काकडत होती.

सुकेमामा उठला तो थापी, घमेलं, सगळं तिथंच टाकून घरी आला.

बायको दारात स्वेटरचा उसवलेला कोपर शिवत बसली होती. "आज अवेळी? आणि चेहरा का असा चुन्यासारखा?"

त्यानं सगळं सांगितलं. ती मधे बोलली नाही, हे नवलच. मग सुई टोचून ठेवली.

"कुणाचं वाईट केलंय का त्यानं?"

"तसं नाही. पण मास्तरांची आई..."

"म्हातारीला तीन आठवडे कुणीतरी पाठ दिली, ते ती विसरली नाही. त्यात त्याचा काय गुन्हा? अहो, ते राहायला आलेलं नाही, ते चाललंय. रोज वीतभर चाललंय बिचारं, आणि तुम्ही मधेच रस्ता उकरून ठेवलात."

"तुला कसं कळलं चाललंय म्हणून?"

"सरकतंय एकाच दिशेला. आणखी काय कळायला पाहिजे? भिंत ओली झाली ती फुटक्या पन्हळीनं, आणि छिन्नी चालवलीत तुम्ही त्याच्यावर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!"

सकाळी सुकेमामानं माल कालवला आणि उघड्या विटांवर गिलावा चढवायला घेतला. अर्धं काम झालं असेल, तेवढ्यात दारात कुणीतरी उभं असल्याचं त्याला जाणवलं. शेवटच्या, पाचव्या घरातला माणूस होता. एका गोदामाची राखण करायचा, एकटा राहायचा. रांगेतल्या कुणाशी दोन वाक्यं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आज मात्र रांगेतली कुजबुज त्याच्याही कानावर गेली असावी; तो सरळ आत आला, अप्पांना मान लववली, आणि त्यांच्या खांद्यावरून हात नेऊन त्या जागेवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"का थांबलं होतं हे?" त्यानं विचारलं.

काम मनासारखं चाललं की सुकेमामाची जीभ सैल सुटायची. "उघड्या विटांवरून जात नाही असं दिसतंय. गिलावा लागतो."

"असं," गोदामवाला म्हणाला, आणि आला तसा गेला.

ओला गिलावा, तोही अशा हवेत, वाळायला पंधरा दिवस तरी हवेत. दुसऱ्या सकाळी त्यातली वीतभर जागा वाळलेली होती. सुकेमामानं ती पाटीसारखी गुळगुळीत केली होती, लाकडी रंधा फिरवून फिरवून. आता तिच्यावर वीण उमटली होती, जाड लोकरी कापडाची. त्यानं बोट फिरवलं. वीण खाली दबलेली नव्हती, वर आलेली होती. म्हणजे जे काही टेकलं होतं ते भिंतीच्या आतून. बोट मागं घेतलं. तरी त्यानं अप्पांची खुर्ची उचलून वीतभर पुढं ठेवली आणि त्यांना हात धरून बसवलं.

बारा दिवसांत ती जागा सामाईक भिंतीपाशी पोचली, आणि तेराव्या दिवशी अप्पांच्या खोलीत ती नव्हती. अप्पा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी चहा गार आहे म्हणून लेकीवर असे खेकसले, की बाईंच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं. सुकेमामानं पन्हळ बदलली, बाकीच्या भिंती केल्या. महिन्याभरात कागद हातात वाजायला लागला.

इथं खरं तर गोष्ट संपायची. पण एक दिवस बाइंडरबाई त्याला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "मामा, शेजारी तुमचं काम चाललंय का? मागं दोनतीन दिवस सारखी छिन्नीची ठकठक येत होती."

सुकेमामा जागच्या जागी वळला. पिशवी बाईंच्याच हातात देऊन तो तिकडे निघाला.

गोदामवाल्यानं दार हातभरच उघडलं, पण तेवढ्यातून मागची खोली दिसत होती. मागच्या भिंतीचा गिलावा दोन ठिकाणी फोडलेला होता, अडाणी हातानं, विटांचेही तुकडे उडवून. मधे दोन हात रुंदीचा पट्टा तेवढा ठेवलेला. पट्ट्यासमोर एक स्टूल. खोलीत दुसरं काही नव्हतं.

"हे काय केलंत?"

"तुम्हीच सांगितलंत."

"मी तोडगा सांगत नव्हतो! झालेली चूक सांगत होतो."

गोदामवाला शांत होता. गाल चांगले लाल झालेले, माणूस आठ दिवस उन्हात बसून आल्यासारखा. "अप्पांकडे थांबलं, मास्तरांकडे थांबलं. त्यांच्या घरी माणसं आहेत. माझ्याकडे एक थांबलं, तर तुमचं काय गेलं?"

"थांबलं नाही हो. कोंडलंय तुम्ही."

दार लागलं. सुकेमामा दोनदा, तीनदा जाऊन आला. आतून उत्तर नाही. घरात घुसून दुसऱ्याच्या भिंतीला गिलावा तर करता येत नाही. त्याचं जेवणावरचं मन उडालं. बायको म्हणे, "हात दाखवून अवलक्षण. गप्प बसता येत नाही ना तुम्हाला!" पण रोज तीच विचारायची, "काही कळलं का तिकडचं?"

महिना उलटला. थंडी हटायच्या बेतात होती. एका सकाळी गोदामवाला सुकेमामाच्या दारात उभा राहिला. एकावर एक दोन कोट, त्यावर घोंगडी, आणि ओठ निळे.

"गिलावा करायचाय," तो म्हणाला.

"गेलं का ते?"

"नाही. आहे."

"मग?"

"गार झालंय." त्याचे दात वाजत होते. "आधी कोमट होतं, मग हळूहळू... आता भिंतीपेक्षाही गार आहे. पण टेकलेलं आहे. सोडत नाही. मी उठलो तरी सोडत नाही. गोदामात खुर्चीत बसतो, मागं भिंतसुद्धा नसते, तरी पाठीला लागलेलंच असतं."

सुकेमामाची बायको आतून आली, घमेलं उचललं आणि म्हणाली, "चला."

त्या घरात शिरल्याबरोबर तोंडातून वाफ निघाली. बाहेर ऊन होतं. सुकेमामानं हात उलटा करून त्या पट्ट्याला लावला आणि झटकन काढून घेतला; थंडीत लोखंडी नळाला ओलं बोट चिकटावं तसं कातडं ओढलं गेलं. त्यानं काही न बोलता माल कालवला. बायको पाणी आणून देत होती. गोदामवाला खोलीच्या मधोमध स्टुलावर बसला होता, कशालाही न टेकता, पण टेकल्यासारखा किंचित मागं झुकून.

दोन्ही बाजूंचा गिलावा पुरा झाल्यावर बायको भिंतीजवळ गेली. उशीर झालेल्या पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाली, "झाली वाट मोकळी. चुकलंच आमचं. या आता."

पहिल्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या सकाळी नव्या गिलाव्यावर वीण दिसली. या वेळी वीतभर नव्हे. पट्ट्यापासून थेट घराच्या कोपऱ्यापर्यंत, एका रात्रीत, सगळी वीण आडवी ओढली गेलेली, अंग फरफटत नेल्यासारखी. सुकेमामा धावतच बाहेर गेला. रांगेची भिंत जिथं संपते त्या कोपऱ्यावर, बाहेरच्या अंगाला, ओल्या भिंतीत एक कोरडी जागा होती. पाठीएवढी. तिच्यावर बारीक हिमाचा पांढरा थर धरलेला. समोर माळरान होतं. गवत होतं, धुकं होतं, आणि टेकायला भिंत अशी कुठंच नव्हती.

दुपारपर्यंत ती जागाही इतर भिंतीसारखी ओली झाली.

पाचही घरांची मागची भिंत आतून पुढं कधी ओलावली नाही. सुकेमामाला त्याचं श्रेय मिळालं. त्यानं ते नाकारलंही नाही, कारण खरं सांगितलं असतं तर आणखी कुणीतरी छिन्नी घेऊन बसलं असतं. गोदामवाल्याला अप्पांनी दुपारचं चहाला बोलवायला सुरुवात केली. पहिल्यांदा तो दारातच उभा राहिला. मग बसू लागला. मग बाइंडरबाईंना कागद दुमडून द्यायला लागला, आणि चांगले देई. कशावरून तरी एकदा तो हसला. त्याला हसताना कुणी पाहिलंच नव्हतं. अप्पांना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

थाप मारली, आणि त्यांचा हात क्षणभर तिथंच राहिला. दोन कोटांवरून, अप्पांच्या त्या चाळीस वर्षं बॉयलर चाचपलेल्या हाताला जे कळायचं ते कळलं. त्या पाठीला आणखी एक पाठ अजून टेकलेली होती, गार. उठून आपली खुर्ची दारातल्या उन्हात नेऊन ठेवली आणि गोदामवाल्याला म्हणाले, "इथं बसा. पाठ उन्हाकडे करून. घाई करू नका, वेळ लागेल."